पंचाच्या डोळ्यांसमोर पोटरी

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत शिट्ट्या कधी वाजणार हे ठरलेलं असतं. समोरून दंड फुगवले की पहिल्या, पोट आवळून पट्टे दाखवले की दुसऱ्या. मग निवेदक सगळ्यांना पाठ फिरवायला सांगतो आणि मैदानातली निम्मी मंडळी वडापाव आणायला उठतात. पंचांची पेनं मात्र तेव्हाच जोरात चालू लागतात.

मी गिरणगावात वाढलो, नोकरी रेल्वेत केली आणि संध्याकाळी व्यायामशाळेत काढल्या. स्वतः कधी मोठा किताब घेतला नाही. गेली बरीच वर्षं गल्लीतल्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसतो, एरवी पोरांना पोझिंग शिकवतो. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालंय. पाठीच्या पोझचा निकाल पाठीवर कमी आणि पायांवर जास्त लागतो. अंतिम फेरीत आलेल्या पाच-सहा जणांची पाठ कमीअधिक बरीच असते. फरक पडतो तो खाली.

याचं एक कारण अगदी साधं आहे, बसायच्या जागेचं. मंच तीन-साडेतीन फूट उंच. आम्ही खुर्चीत, म्हणजे डोळे जमिनीपासून चारेक फुटांवर. हिशोब करा. स्पर्धकाचा घोटा आणि पोटरी थेट नजरेसमोर येते आणि ज्या पाठीसाठी त्यानं वर्षभर रोइंग आणि पुलअप्स मारले, ती मान वर करून बघावी लागते. शिवाय दंड, छाती, मांड्या या गोष्टी आवळल्या नाहीत तरी थोड्याफार दिसतात. पोटरी तशी नाही. टाच जमिनीला टेकलेली असेल तर ती निवांत लांबट पडून राहते. तिला दाखवावी लागते.

नियमही हेच सांगतो. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पुरुषांच्या शरीरसौष्ठवासाठी सात सक्तीच्या पोझ आहेत. समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड, बाजूनं छाती, पाठमोरी डबल बायसेप्स, पाठमोरा लॅट स्प्रेड, बाजूनं ट्रायसेप्स आणि शेवटी पोट-मांड्या. यांतल्या पाठमोऱ्या दोन. पाठमोऱ्या डबल बायसेप्समध्ये दोन्ही हात कोपरात वाकवून वर घ्यायचे, एक पाय मागे न्यायचा, तो चवड्यावर टेकवायचा आणि मग दंड, खांदे, वरची-खालची पाठ, मांडी, पोटरी हे सगळं एकदम आवळायचं. मानेपासून पोटरीपर्यंत जितके स्नायू या एका पोझमध्ये दिसतात तितके दुसऱ्या कुठल्याच पोझमध्ये दिसत नाहीत, म्हणून शरीराचा घट्टपणा आणि तोल जोखायला पंच हीच पोझ धरून चालतात. महिलांच्या फिजिक गटातही ही पोझ आहे, फक्त तिथे मुठी न वळता बोटं मोकळी ठेवतात.

लॅट स्प्रेडमध्ये हात कमरेवर, कोपरं बाहेर, पाठ पंख्यासारखी उघडायची. इथेही एक पाय मागे, चवड्यावर. आणि इथेच नियमात एक वाक्य आहे, जे बऱ्याच पोरांनी कधी वाचलेलं नसतं. डबल बायसेप्सला ज्या पायाची पोटरी दाखवली, लॅट स्प्रेडला त्याच्या उलट पायाची दाखवायचा प्रयत्न स्पर्धकानं करावा, म्हणजे पंचांना दोन्ही पोटऱ्या सारख्या जोखता येतील. याचा अर्थ उघड आहे. एक पाय चांगला आणि दुसरा कमी, असं असेल तर लपवायला जागा नाही. काही जण दोन्ही वेळेला तोच पाय मागे घेतात. त्यांना बाद करता येत नाही, कारण नियम सक्तीचा नाही, अपेक्षेचा आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या स्पर्धकानं पाय बदललेला असतो आणि यानं बदललेला नसतो, हे पंचाला दिसतंच. मी अशा वेळी दुसऱ्या पायाकडे जरा जास्तच निरखून बघतो. बाकीचे पंचही बघत असणार.

आता ही पोटरी आतून कशी असते ते समजून घेतलं, तर पाय कुठे ठेवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरून एकच गोळा दिसतो, पण तिथे मुख्य दोन स्नायू एकावर एक बसलेले आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस. तो दोन भागांत असतो, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, आणि दोन्ही भाग गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतात. त्याच्याखाली सोलियस, चपटा आणि रुंद. तो गुडघ्याच्या खालच्या हाडांपासून निघतो. खाली दोघे मिळून टाचेमागच्या अकिलीस कंडरेत उतरतात. म्हणजे वरचा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो, खालचा एकच. सगळी गंमत या फरकात आहे.

वाचता वाचता करून बघा. भिंतीला हात लावून ताठ उभे राहा, टाचा उचला आणि दुसऱ्या हातानं पोटरीचा वरचा भाग दाबा. दगड लागेल. आता खुर्चीवर बसा, गुडघे काटकोनात ठेवा, पुन्हा टाचा उचला आणि तिथेच दाबा. वरचा भाग मऊच राहिलेला असेल. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो, त्याच्या हातात जोर उरत नाही आणि काम सोलियसवर जातं. मंचावर मागून जो दोन भागांत चिरलेला आकार दिसायला हवा, तो वरच्या स्नायूचा. तेव्हा गुडघा फार वाकवून चालत नाही.

पण अगदी सरळ ठेवूनही चालत नाही. पाय ताठ मागे नेला की मांडीची मागची बाजू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, सपाट दिसते. ती उठून दिसायला गुडघ्याला थोडा बाक हवा. पोटरीला सरळ गुडघा हवा, हॅमस्ट्रिंगला वाकलेला, आणि पाय एकच. या भांडणात मधला तोडगा काढणं हेच पाठीच्या पोझचं निम्मं कसब आहे. प्रत्येकाच्या पायाची लांबी आणि स्नायूची ठेवण वेगळी असल्यामुळे हा तोडगा ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

आमच्या व्यायामशाळेत पासष्ट किलोच्या गटातला एक पोरगा आहे. पाठ सुरेख, आणि त्याला ते ठाऊकही आहे. परवा आरशाकडे पाठ करून उभा राहिला आणि मान वळवून म्हणाला, "काका, पाठ येते का बघा ना."

"पाठ येते रे. पाय कुठे ठेवलायस?"

"मागे."

"मागे म्हणजे पार डंबेल्सच्या रॅकपर्यंत? जवळ घे."

पाय फार मागे गेला की कंबर पुढे कलते, पाठीच्या तळाला खोलगट बाक येतो आणि जिला ही पोरं 'ख्रिसमस ट्री' म्हणतात ती खालच्या पाठीची नक्षी त्या खोलीत बुडून जाते. एका बाजूचं नितंब खाली घसरतं ते वेगळंच. फार जवळ घेतला तर टाच उचलायला जागाच राहत नाही. पुढच्या टाचेपासून वीतभर ते फूटभर मागे, यात कुठे तरी बहुतेकांची जागा सापडते. त्याला तिथे उभं केलं. मग टाच. अर्धी उचलून सोडून दिली होती.

"पूर्ण वर. आता चवडा जमिनीत दाब. नुसता टेकवू नको, दाब."

नुसता टेकवलेला पाय आणि दाबलेला पाय यांतला फरक दहा फुटांवरूनही दिसतो. टेकवलेल्या पायाची पोटरी जराशी आखडते. दाबलेल्या पायाची दोन भागांत फुटते, मधोमध रेघ पडते आणि खाली, जिथे स्नायू संपून कंडरा सुरू होते, तिथे बदामाच्या टोकासारखा कोन तयार होतो. पोटरी घट्ट झाल्यावर हॅमस्ट्रिंगसाठी टाच नितंबाकडे ओढायचा प्रयत्न करायचा, पण चवडा जमिनीवरून सुटू द्यायचा नाही. म्हणजे हालचाल काहीच नाही, सगळी ओढाताण आतल्या आत. पंजा किती वळवायचा हाही प्रश्न असतो. किंचित बाहेर वळवला की मागून बघणाऱ्याला पोटरीची बाहेरची कड जास्त दिसते, आत वळवला की आतली. ज्याची जी बाजू भरलेली, त्यानं ती पुढे करावी. जास्त वळवला की मात्र एक बाजू दिसते आणि दुसरी हरवते.

पुढचा पाय हा नुसता खांब नव्हे. शरीराचा बराचसा भार त्याच्यावर असतो म्हणून पोरं त्याला विसरतात. त्याची मांडी आणि नितंब सैल सोडलं की मागून ते लगेच थरथरताना दिसतं. पाय बसले की मग नितंब आवळायचे, छाती उचलायची आणि वरची पाठ किंचित मागे, पंचांच्या दिशेनं कलती करायची, कारण पंच खालून बघताहेत. हात सगळ्यात शेवटी.

आमची पोरं नेमकं उलटं करतात. हात आधी वर जातात, दंड आवळतात, मग पाय चाचपडत मागे जातो. तोवर शेजारचे चौघं पोझमध्ये स्थिर झालेले असतात आणि हा एका पायावर डुलतोय. मी पोझ शिकवताना हात कमरेवर ठेवायला लावतो आणि नुसते पायच बसवून घेतो. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

यात एक अडचण खरीखुरी आहे, गोळा येण्याची. आखूड झालेला स्नायू आणखी आवळला की पोटरीत गोळा यायला वेळ लागत नाही. रात्री झोपेत पाय ताणला की येतो तोच प्रकार. मंचावर चढायच्या आधी कातडी कागदासारखी पातळ दिसावी म्हणून पाणी तोडलेलं असेल, मिठाचा खेळ केलेला असेल, तर काही विचारू नका. तुलनेच्या फेरीत तिसऱ्यांदा पाठ फिरवायला सांगितलं की चेहरे बघावेत. ज्याला गोळा आलाय तो टाच टेकवतो, पंजा वर ओढतो, पुन्हा उभा राहतो. पाणी तोडणं ही मर्दुमकी नाही. अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच स्पर्धक मोहम्मद बेनअझिझा १९९२ साली हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला आणि शरीरातलं पाणी काढणाऱ्या गोळ्यांची चर्चा तेव्हापासून या खेळाची पाठ सोडत नाही. गल्लीतल्या स्पर्धेच्या ढालीसाठी असल्या गोळ्या घेणाऱ्याला मी तोंडावर शिव्या देतो.

पोटरीच्या बाबतीत निसर्ग फार पक्षपात करतो, हेही सांगायला हवं. काहींचा स्नायू घोट्याच्या बराच जवळ उतरतो, काहींचा वरच संपतो आणि खाली लांबलचक कंडरा राहते. हा उतार व्यायामानं बदलत नाही. दंड कमी असला तर मेहनतीनं भरून काढता येतो, पण पोटरी जिथे जोडलेली आहे तिथेच जोडलेली राहणार. तिची जाडी वाढवता येते, जागा हलवता येत नाही. म्हणून वर संपणाऱ्या पोटरीच्या पोरानं टाच पूर्ण उचलणं जास्तच गरजेचं. अर्धवट टाचेवर त्याचं जे आहे तेही दिसत नाही.

या कमतरतेवर मात करण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अर्नोल्ड श्वार्झनेगरची. १९६६ साली लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत तो चेट यॉर्टन या अमेरिकनाच्या मागे दुसरा आला. वरचं शरीर अफाट, पोटऱ्या त्या मानानं अशक्त. फोटो काढायचे तर तो गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. मग तो दक्षिण आफ्रिकेत रेग पार्ककडे गेला. पार्क मूळचा इंग्लंडमधल्या लीड्सचा, तीनदा मिस्टर युनिव्हर्स, सिनेमात हर्क्युलिस झालेला. हा माणूस पहाटे हजारेक पौंडांवर पोटऱ्या मारताना अर्नोल्डनं पाहिला. परत आल्यावर त्यानं व्यायामाच्या पँटी गुडघ्याखाली कापून टाकल्या, म्हणजे जिममध्ये आलेल्या प्रत्येकाला त्याच्या बारीक पोटऱ्या दिसतील आणि लाजेनं तरी मेहनत होईल. हा उपाय मला त्याच्या सगळ्या किताबांपेक्षा आवडतो.

पार्कचं नाव निघालं म्हणून सांगतो, १९५१ साली त्यानं लंडनला मिस्टर युनिव्हर्स जिंकली त्याच वर्षी बंगालच्या मनोतोष रॉय यांनी तिथे आपल्या गटात बाजी मारली आणि पुढच्या वर्षी मनोहर आईच यांनी बुटक्यांच्या गटात. आईच यांची उंची चार फूट अकरा इंच. त्या काळी मान, दंड आणि पोटरी यांचं माप सारखं असावं, असा एक आदर्श मानला जाई आणि स्टीव्ह रीव्हज त्याचा नमुना म्हणून दाखवला जाई. पुढच्या पिढ्यांत दंड सुटले आणि पोटऱ्या मागे राहिल्या. अपवाद आहेत. १९८२ चा मिस्टर ऑलिंपिया ख्रिस डिकरसन हा पोटऱ्यांसाठीच ओळखला गेला. डोरियन येट्सनं १९९२ ते १९९७ ऑलिंपिया सोडली नाही आणि त्याच्या पाठमोऱ्या लॅट स्प्रेडमध्ये पोटरीपासून मानेपर्यंत कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. त्याच्यानंतर आठ वर्षं जिंकलेल्या रॉनी कोलमनची पाठ त्याहून भव्य म्हणतात. असेल. पण पायाकडे बघितलं तर माझं मत येट्सला.

आपल्याकडच्या जुन्या पैलवानांना पोटरी वेगळी मारावी लागत नसे. देशी बैठक नीट बघा. खाली जाताना टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, वर येताना पुन्हा टाचा जमिनीला. शेकड्यांनी बैठका काढणाऱ्याची पोटरी त्यात आपोआप घडत गेली. आता बार खांद्यावर घेऊन टाचा टेकवून स्क्वॉट मारतात. मांडीला ते उत्तम, पण पोटरीचं काम त्यात फारसं होत नाही. ते वेगळं करायला हवं आणि ते शेवटच्या दहा मिनिटांवर ढकललं जातं.

तेही उभ्यानं करावं. जपानमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसाचा एक पाय गुडघा सरळ ठेवून टाचा उचलायच्या व्यायामाला लावला, दुसरा गुडघा वाकवून बसून. बारा आठवड्यांनी सरळ गुडघ्याच्या पायात वरचा स्नायू चांगला वाढला होता, बसलेल्या पायात तो जवळजवळ होता तसाच. खुर्चीवर तुम्ही बोटांनी जे तपासलंत, त्याचाच हा पुरावा. महागडं यंत्र लागत नाही. लाकडी ठोकळ्यावर चवडे ठेवा, टाचा ठोकळ्याच्या खाली जाऊ द्या, तिथे क्षणभर थांबा, मग पूर्ण वर. उड्या मारू नका. उडीत कंडरा काम करते आणि स्नायू फुकटचा आराम करतो.

हल्ली मेन्स फिजिक या गटाकडे पोरांचा ओढा आहे. तिथे गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स घालतात, मांड्या झाकल्या जातात, पाठमोरं उभं राहिलं तरी असली आवळाआवळ करावी लागत नाही. पायांचा व्यायाम टाळणाऱ्यांना तो गट सोयीचा वाटतो. पण शॉर्ट्सच्या खाली जे उरतं ती पोटरीच असते, हे त्यांच्या मंचावर गेल्यावर लक्षात येतं.

स्पर्धेच्या तयारीत असलेल्यांना एवढंच सांगतो की पाठीची पोझ आरशासमोर शिकू नका. मान वळवली की पाठ वाकडी होते आणि तोल पायातून सुटतो. मित्राला मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरायला सांगा आणि चित्रफीत काढा. अनवाणी सराव करा, कारण मंचावर बूट नसतात आणि बुटाच्या टाचेनं लागलेली सवय तिथे दगा देते. डावा आणि उजवा, दोन्ही पाय आलटूनपालटून मागे घ्या, अर्धा मिनिट धरा.

आणि आयोजक मंडळांना एक विनंती. मंचावर लग्नातला जाड गालिचा अंथरू नका. चवडा त्यात रुततो, टाच उचलायला भक्कम आधार मिळत नाही आणि पोरं डुलतात. त्यापेक्षा घट्ट ठोकलेलं प्लायवूड आणि वर पातळ मॅट पुरे. दिवे सगळे वर टांगता, त्यामुळे खांदे झळकतात आणि गुडघ्याखाली अंधार राहतो. दोन दिवे मंचाच्या कडेला, खाली, पायांवर पडतील असे लावा. भाड्याच्या दिव्यांना रात्रीचे चारशे-पाचशे रुपये जास्त पडतील. पाहुण्यांच्या शालींमधली एक कमी करा.